चकतीखालचे ओरखडे

"कबुली झालीय, मॅडम. तुम्ही नुसतं नावापुरतं यायचं," फौजदार फोनवर म्हणाले.

गरीब आरोपींसाठी सरकारने नेमलेल्या वकीलबाईंना असे फोन नवे नव्हते. फळांच्या शीतगृहाचा मालक रात्रभर थंड खोलीत अडकून गोठून मेला होता. गेल्या महिन्यात तिथे गॅस गळून एक कामगार दगावला होता. त्या चौकशीत मालकाची साक्ष व्हायची होती. पण फौजदारांना तेवढं खोलात जायचं नव्हतं. आदल्या दिवशी मालकाने एका हमालाच्या थोबाडीत मारली होती, एवढं त्यांना पुरलं. हमालाला घरातून झोपेतून उठवून नेलं. त्याने दंडाधिकाऱ्यांपुढेही सांगून टाकलं, 'मीच आत ढकललं, बाहेरून कडी घातली.'

"वकील मागायचा हक्क आहे, हे कुणी सांगितलं नाही तुला?" वकीलबाईंनी कोठडीत विचारलं.

"दादा म्हणाला, वकील मागितला की संशय वाढतो. कबूल कर, लवकर सुटशील."

दादा म्हणजे थोरला भाऊ, शीतगृहाचा मेकॅनिक; गॅसच्या नळ्यांची देखभाल त्याच्याकडेच. प्रेत त्यानेच आधी पाहिलं होतं.

वकीलबाई शीतगृहात गेल्या. थंड खोलीच्या दाराला आतून पितळी चकती होती, चकतीत दांडा. बाहेरून कडी असली तरी दांडा ढकलला की दार उघडायचं. बाईंनी आत राहून करून पाहिलं. दार मुकाट उघडलं.

"मग मालक बाहेर का नाही आले?"

"घाबरले असतील. गारठ्यात हात चालत नाहीत," दादा म्हणाला.

"हमाल गेल्यावर फाटक कोण बंद करतं?"

"मीच. सकाळी उघडतोही मीच."

"त्या सकाळी कशाला हात लावलात?"

"छे! प्रेत दिसलं, पोलिसांना बोलावलं."

चकतीभोवती नखांचे रक्ताळलेले ओरखडे होते. वकीलबाई वाकल्या. ओरखडे चकतीच्या कडेशी थांबत नव्हते, तिच्या खाली शिरत होते.

त्या परत कोठडीत आल्या.

"मालक दार ओरबाडत होते तेव्हा चकती तिथे नव्हतीच. दांड्यासकट आधी काढलेली, ते मेल्यावर परत बसवलेली. तेव्हा तू घरी होतास. फाटक उघडून पोलिसांच्या आधी त्या दाराशी पोचला एकच माणूस. गॅसगळतीच्या चौकशीत मालकाच्या साक्षीने तोच अडकणार होता. तुझा दादा."

हमालाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ठाऊक आहे मला. पाय धरले त्यानं माझे. आई गेल्यावर शाळा सोडून त्यानंच मला वाढवलं, बाई. त्याच्या पोरी लहान आहेत."

"अरे, तो तुझा बळी देतोय!"

"मी इथं बोललो ते तुम्ही बाहेर सांगू शकता?"

"तुझ्या परवानगीशिवाय नाही. कायदाच तसा आहे, तुझ्या रक्षणासाठी."

"आणि ते ओरखडे?"

"तुझी वकील म्हणून पाहिलेत ते... तेही नाही."

"मग नाही माझी परवानगी."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "कुणाच्या दबावाखाली नाही ना?" तो म्हणाला, "नाही, साहेब." जन्मठेप झाली.

मागच्या बाकावर दादा धाय मोकलून रडला. शेजारच्या म्हातारीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"भाऊ असावा तर असा," ती वकीलबाईंना म्हणाली.