नटावरचं कुंकू

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर मामांची तीन बोटं तरी वाचवली असती.

हैदराबाद. दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. शहराबाहेरची एक छोटी खासगी धावपट्टी.

शिवराजमामा तिथे हेलिकॉप्टरचे मेकॅनिक. त्यांच्या कामात एक पद्धत असते. नट पान्याने पक्का आवळला की त्यावर लाल रंगाची बारीक रेघ ओढायची. ती रेघ दिसली की वैमानिक निर्धास्त.

त्या दुपारी मामांनी शेपटीच्या पंख्याचा नट नुसता हाताने बसवला होता. आवळायचा राहिला होता. कागदावर सही मात्र आधीच ठोकलेली. तेवढ्यात मालकांनी पूजेला बोलावलं. पाने, पक्कड, हातोडी, सगळं पाटावर गेलं.

आमच्यात पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही. मामांनीही उचललं नाही. उद्याचं उड्डाण दहाचं आहे, आपण आठला येऊन आवळू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. यंत्राला कुंकू लावताना त्या नटावरही एक बोट ओढलं.

दसऱ्याला उड्डाण अचानक आठवर आलं. मामांचा फोन घरी चार्जिंगला होता आणि मामा काचीगुड्याच्या बाजारात झेंडू घेत होते.

वैमानिक निखिल. प्रत्येक भाग अंगठीने वाजवून बघायची त्याची सवय.

टक... टक... टक.

त्या सकाळीही त्याने सगळं वाजवलं. नटावर लाल दिसलं. तो उडाला.

मामा फाटकातून आत शिरले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शेपटीचा पंखा निसटला. हेलिकॉप्टर जागच्या जागी गरागरा फिरलं आणि आडवं आपटलं. वरचं पातं केबिन चिरत आत घुसलं. मग आग.

मामा धावले. गवतात निखिलचा हात पडला होता.

नुसता हात. अंगठीसकट.

नट कधीच सापडला नाही. चौकशीत मामांनी सांगितलं की मी आवळला होता. ठपका निखिलवर आला, तपासणी न करता उडाला म्हणून. वॉचमन सांगत राहिला, "साब हर चीज ठोक के देखे." त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

निखिलची बायको केतकी मामांच्या दारात आली.

"दादा, तो तपासल्याशिवाय कधीच उडायचा नाही. तुम्ही एकदा सांगा ना."

मामांनी दार लावून घेतलं.

पुढची खंडेनवमी. मामांचं काचीगुड्याचं घर, भर दुपार. मामा देवापुढे पाटावर पाने-पक्कड मांडत होते.

टक...

अंगणातल्या स्कूटरवर. मांजर असेल, मामांना वाटलं.

टक... खिडकीच्या गजावर.

टक... पाटावरच्या पान्यावर.

मग काहीच नाही. रस्त्यावरचे हॉर्न बंद. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

टक...

मामांच्या उजव्या हाताच्या बोटावर. गार धातू.

मग कुणीतरी ते बोट धरलं... आणि आवळायला लागलं.

एक फेरा. हाड मोडलं. मग दुसरं बोट. किंकाळी ऐकून मामी धावत आल्या. मामा एकटेच भिंतीला रेटलेले होते. मामींच्या समोर तिसरं बोट पुरतं फिरलं आणि मुळापासून सुटलं. भिंतभर रक्त उडालं.

सिकंदराबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या मशीनमध्ये हात गेला? मामांची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. ती उघडली तेव्हा आत एक नट होता. जळून काळा पडलेला.

त्यावरचं कुंकू ओलं होतं.

मामांनी मला सगळं सांगितलं आणि गप्प राहायची शपथ घातली. मामींकडे बघून मीही गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते.

परवा दुपारी माझ्या स्कूटरवर... टक.

काल खिडकीच्या गजावर.

आज सकाळपासून काहीच वाजलेलं नाही, रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा. म्हणून हे लिहितोय. केतकीताई, निखिलदादांनी तपासणी पूर्ण केली होती. नट आमच्या मामांनी सैल सोडला होता.

लिहून झालं. डोक्यावर पंखा फिरतोय.

त्याचा आवाज अजून येत नाही.