आप्तगंध

शेगडीखालच्या गॅसच्या नळीच्या नटावर साबणाचा फेस फुगला आणि ऋताचं डोकं सणकलं.

"आई, हा नट पुन्हा ढिला झालाय."

फिरत्या घराच्या दारात पाय सोडून सुलभाताई मटार सोलत बसल्या होत्या. "होत असेल गं. गाडी हलते, हिसके बसतात."

"गाडी महिनाभर इथून हललेली नाही! आणि पाना तुझ्या उशीखाली कसा सापडतो?"

सुलभाताई मटार सोलत राहिल्या.

चिखलदऱ्याच्या पठारावरच्या त्या तळावर अशी बरीच फिरती घरं उभी होती. शहरातला फ्लॅट विकून चाकांवर संसार थाटायची टूम आता जुनी झाली होती. स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, थंडीतली ऊब, सगळं प्रोपेन गॅसवर चाले, कारण कडाक्याच्या थंडीतही तो बिनतक्रार पेटतो. पण तो हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि मग एक ठिणगी पुरते. मुळात त्याला वासही नाही. म्हणून पूर्वी त्यात एक कुजकट वास मिसळत. पण नाक मोठं लबाड असतं. एकच वास येत राहिला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं, आणि झोपेत तर विचारूच नका. पहाटे चहासाठी शेगडी पेटवायला उठलेली कितीतरी माणसं त्या चहापर्यंत पोहोचली नाहीत.

डॉ. नचिकेत पालेकरांनी यावर तोड काढली. गाढ झोपेतही मेंदू एका वासाला दाद देतो, जिवाभावाच्या माणसाच्या अंगाच्या वासाला. या वासाला त्यांनी नाव दिलं 'आप्तगंध'. गिऱ्हाइकाला प्रयोगशाळेत झोपवायचं, घरच्यांचे वापरलेले कपडे एकेक करून नाकाशी धरायचे, कोणाच्या वासाने ताडकन जाग येते ते पाहायचं आणि नेमका तोच वास बनवून त्या घराच्या सिलिंडरमध्ये भरायचा. पुढे तसा कायदाच झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याचा वास भरला तो माणूस मेला तर काय, हा प्रश्न मात्र त्या शहाण्यांपैकी एकालाही पडला नाही.

सुलभाताईंच्या सिलिंडरमध्ये मधुकररावांचा, त्यांच्या नवऱ्याचा, वास होता. मधुकरराव गेल्या वर्षी गेले.

"थोडासाच ढिला करते," त्या शेवटी म्हणाल्या. "दार लावून पाच मिनिटं बसते. शेगडी बंद असते की."

"आणि फ्रिजची ठिणगी? एखादं बटण?"

"मग उडेन. तोवर ते येऊन तर गेलेले असतात."

"आणि मी? नागपूरची नोकरी सोडून मी इथे काय मटार खायला आलेय?"

आईने पुढची शेंग हातात घेतली, आणि ऋताला तेच लागलं. तिने पाना तळामागच्या ओढ्यात भिरकावला आणि पालेकरांना फोन करून इतकं फैलावर घेतलं, की ते आपलं यंत्र घेऊन स्वतः तळावर हजर झाले.

"तुम्ही माणसं मारताय," ऋता म्हणाली.

"उलट, गळतीचे बळी कितीतरी कमी झालेत."

"आणि मुद्दाम केलेली गळती? ती कुठे मोजता?"

पालेकर चष्मा पुसू लागले. "ती मोजत नाही."

"मग हा वास बदला!"

"बदलू. त्यासाठीच तुमचा वापरलेला स्वेटर मागितला."

दुपारी सुलभाताई झोपल्यावर त्यांनी यंत्राची नळी उशीशी ठेवली. आधी मधुकररावांचा वास सोडला. सुलभाताई ताडकन उठून बसल्या. "श्वास अडकला का हो?" असं पुटपुटल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. मग ऋताचा वास सोडला. त्या हलल्यासुद्धा नाहीत.

"वाढवा," ऋता म्हणाली.

पालेकरांनी दुप्पट केला, मग चौपट केला. सुलभाताई मजेत घोरत होत्या.

पालेकर बाहेर येऊन हळूच म्हणाले, "तुमच्या वडिलांना दमा होता का?"

"माझ्या जन्माआधीपासून."

"म्हणजे उभा जन्म या त्यांच्या श्वासावर कान ठेवून झोपल्या. मेंदू प्रेमाने जागा होत नाही, ताई. धास्तीने होतो. जाहिरातीत आम्ही प्रेम लिहितो, कारण धास्ती खपत नाही."

तेवढ्यात सुलभाताई दारात आल्या. "काय निघालं?"

"माझ्या वासाने तू उठली नाहीस," ऋता म्हणाली.

"बरोबरच आहे. तुझी कधी काळजीच करावी लागली नाही मला. पहिल्यापासून गुणाची पोर!" त्यांनी लेकीचा गाल कुरवाळला आणि आत गेल्या.

त्या कौतुकाने ऋताच्या अंगाची लाही लाही झाली. "दुसरा उपाय सांगा," ती पालेकरांवर खेकसली.

"नाकाला शिकवता येतं. दोन-तीन महिने त्यांना तुमच्या जिवाची धास्ती वाटली पाहिजे. अगदी खरी. मग तुमचा वास लागू पडेल. नट ढिला करणंही सुटेल बहुधा."

"म्हणजे मी आजारी पडू?"

"मी तसं म्हणत नाही."

"तसंच म्हणताय! निघा इथून. आधी निघा!"

पालेकरांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती दात-ओठ खात उभी होती. मग आत आली. सुलभाताई शेगडीखाली वाकल्या होत्या. कुठून तरी त्यांनी दुसरा पाना पैदा केला होता.

"तू जरा फिरून ये ना," त्या नव्या नवरीसारख्या लाजून म्हणाल्या.

ऋताला सगळ्यांचा संताप आला. पालेकरांचा, कायद्याचा, मेलेल्या बापाचा. आयुष्यात साधं चार दिवस अंथरूण न धरणाऱ्या स्वतःचाही. ती पलंगावर बसली आणि तिने छातीवर हात दाबला.

"आई, मला श्वास घ्यायला त्रास होतोय गं."

पाना खाली पडला. "केव्हापासून?" सुलभाताईंचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"महिना झाला. तुला सांगितलं नव्हतं."

सुलभाताईंनी धडाधड खिडक्या उघडल्या, लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या पाठीला कान लावला. ऋताने दम लागल्यासारखा आणखी एक श्वास ओढला.