रपट्यावरची दहा मिनिटं

उद्याचा प्लॅन कॅन्सल. बस, सांगितलं ना! तोंड वाकडं करू नकोस, पूर्णिमा. आणि नीरज, तू तो मोबाइल आधी बाजूला ठेव. धबधब्यासमोर रील काढायचीय म्हणे! पाणी बघायला जाता की त्याच्या तोंडात जाऊन बसायला? तुमचा शामकाका या घरात जिवंत आहे तोवर भर पावसात कुणी नाल्याकाठी जाणार नाही. आता जेवणं झालीत, बसा इथं आणि ऐका.

नागसेननं माझ्या हाताखाली बारा वर्षं काम केलं. बौद्ध माणूस, भूतप्रेत म्हटलं की हसायचा. त्यानं स्वतः मला सांगितलंय हे.

दोन हजार एकोणीस. सप्टेंबरची चौदा तारीख, शनिवार. नागसेन बाइकवर महूहून मानपूरला गेला. काम साधं, मुलाला घरी आणायचं. प्रशिक दहा वर्षांचा, मामाकडे राहिला होता. सोमवारी त्याचा पेपर. चहा झाला, पोहे झाले, मेहुणा म्हणाला, "आज राहा ना जीजाजी, मौसम खराब है." हा राहिला नाही. साडेसातला निघाले. हायवेवर ट्रक उलटलेला, दूरपर्यंत जाम. मग यानं गावातला रस्ता धरला.

त्या रस्त्यावर एक रपटा आहे. नाल्यावरचा बुटका पूल, पाणी चढलं की बुडतो. वर्षभर नागसेन तिकडे फिरकला नव्हता. कारण आदल्या पावसाळ्यात त्याच रपट्याजवळ यांची पिकनिक झाली होती.

दाल-बाफले करायला गेले होते. घरी कुकर नाही का, गॅस नाही का? पण नाही, आपल्या इंदूर-महूच्या लोकांना पाऊस पडला की नाल्याकाठीच बाफले पाहिजेत. कणकेचे गोळे उकडून गोवऱ्यांच्या आगीत टाकलेले. नागसेनचे वडील, दगडूजी, फौजेत ड्रायव्हर होते. त्यांनी बघितलं, पाणी गढूळ झालंय. म्हणाले, "उठा. वर कुठंतरी पाऊस झालाय." तर आमचे साहेब काय म्हणाले? "दहा मिनिटं, बाबा. बाफले होऊ द्या."

बाफले! अरे, अक्कल गहाण टाकली होती का? म्हातारा तीनदा ओरडला. तीनदा यानं तेच उत्तर दिलं. मग लोंढा आला. दगडूजींनी प्रशिकला उचलून काठावर फेकलं आणि स्वतः गेले. दुसऱ्या दिवशी दीड कोस खाली सापडले. मी नागसेनच्या तोंडावर बोललोय, तू बापाला बाफल्यांपायी घालवलंस. मला आजही त्याचा राग येतो.

आणि वर्षभरानं तोच माणूस, तेच पोर घेऊन, त्याच रपट्यावर!

सव्वाआठ झाले होते. रिमझिम. रपट्यावर टाच बुडेल एवढंच पाणी. पलीकडून एक बाइकवाला आला, जाता जाता म्हणाला, "निकल जाओ भिया, कुछ नी है." नागसेननं पहिला गिअर टाकला. पुढचं चाक पाण्यात गेलं.

तेवढ्यात मागून एक हात आला.

कमरेजवळून. टाकीवरून पुढं... चावीकडं.

त्याला वाटलं, प्रशिक. ओरडला, "क्या कर रिया है? हात मागं घे!"

हात मागं गेला नाही.

त्यानं खाली बघितलं. प्रशिकचे दोन्ही हात त्याच्या पोटाशी होते. बोटांत बोटं अडकवलेली. पोरगं पाठीवर डोकं टेकून झोपलेलं.

हा तिसरा हात होता.

चावी फिरली. इंजिन बंद. लाइट बंद.

...

कानाशी आवाज आला. हळू. पण असा चिडलेला...

"झाले का बाफले?"

नागसेनची मान वळेना. कसंबसं म्हणाला, "बाबा..."

"आता तू थांब. दहा मिनिटं."

...

मग काही नाही. फक्त पाणी. टाचेवरून पोटरीवर चढलेलं.

त्यानं पोराला उतरवलं. गाडी मागं ओढली. चढावर येऊन उभा राहिला, प्रशिकला घट्ट धरून. मोबाइलमध्ये वेळ बघत होता. आठ पंचवीसला वरून आवाज आला, डंपरनं गिट्टी ओतावी तसा. त्यानं टॉर्च मारला.

रपटा मधोमध तुटला होता.

रडू नकोस, पूर्णिमा. पोरगं वाचलं. यंदा बारावीला आहे.

पण गाडीत चावी नव्हती. टॉर्च लावून चिखल चाचपला, खिसे उलटे केले. नाही म्हणजे नाही. गाडी तिथंच सोडून दोघं चालत मानपूरला परतले. सकाळच्या बसनं महू.

गाडीची दुसरी चावी दगडूजींच्या लोखंडी पेटीत होती. घरातली सगळी कागदपत्रं, किल्ल्या तेच सांभाळायचे. ते गेल्यापासून पेटी कुणी उघडली नव्हती. पंचशीला, नागसेनची बायको, पेटीची किल्ली घेऊन आली. कुलूप गंजलेलं. तेल सोडलं, दोन फटके मारले, तेव्हा उघडलं.

दुसरी चावी लिफाफ्यात होती. कोरडी.

शेजारी, फौजेच्या कोटावर, रात्रीची चावी. रिंगसकट. पाणी निथळत होतं.

पंचशीलानं उचलायला हात पुढं केला. नागसेननं तिचा हात धरला.

"राहू दे. बाबांनी काढून घेतलीय."

तेव्हापासून तो बसनं फिरतो. चावी आहे तिथंच आहे. मागच्या रविवारी मी महूला गेलो होतो, त्यानं पेटी उघडून दाखवली. मी कोटाला हात लावला.

अजून ओला आहे.