अकराव्या कलमातला दरवान

धाराशिवच्या कोर्टासमोर शिवलिंगचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला पंखा एक तर बंद असतो, नाही तर वादळासारखा सुटतो. त्या दिवशी तो सुटला आणि श्रावस्तीची चौदा पानं दुकानभर उडाली.

"अगं बाई!" करत ती खाली वाकली... तर तिच्याआधीच कुणीतरी वाकलेलं. पांढरा शर्ट, खांद्यावर काळा कोट, हातात तिचं पान. पान द्यायचं सोडून गडी वाचतच बसला.

"कायमस्वरूपी, जगभर लागू, मागं न घेता येणारी परवानगी... मॅडम, एवढी मोठी जमीन कुठं घ्यायलाव?"

"जमीन न्हाय ओ. खेळ आहे."

"खेळाला चौदा पानं?"

"गोष्टीचा खेळ. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन बोलायचं. अडलं की फासा टाकायचा." श्रावस्तीनं एका दमात सांगून टाकलं. "नियम पुण्याच्या एका कंपनीचे. त्या नियमांवर मी परंड्याच्या किल्ल्याची गोष्ट रचलीय, तीन वर्षं खपून. बाहेरच्या माणसानं असं पुस्तक काढायचं म्हटलं की कंपनीच्या ह्या इंग्रजीतल्या अटी पाळाव्या लागतात."

"मग कळल्या का अटी?"

"एक बी न्हाय," ती म्हणाली, आणि आपण इतकं खरं बोललो म्हणून तिलाच हसू आलं.

त्याचं नाव प्रेमानंद. येडशीचा. एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली वाटणीचे दावे बघायचा.

"नाव प्रेमानंद, अन् काम भावाभावांच्या वाटण्या?"

"नाव ठेवताना मला कुठं विचारलं होतं?" तो म्हणाला. "अटी मी वाचून देतो. पण आधी खेळ बघाय पायजे. मोजणी केल्याबिगर मी जमिनीवर बोलत न्हाय."

असा तो रविवारी दीपालीच्या, म्हणजे श्रावस्तीच्या मैत्रिणीच्या गच्चीवर आला. खेळात सगळ्यांनी तलवारी उपसल्या होत्या. ह्याला तलवारीचे नियम ठाऊक कुठं? हा झाला किल्ल्याचा म्हातारा दरवान, नाव बब्रुवान. शत्रूची फौज दारात आली, तर हा विचारतो, "जेवून आलाव का?" गच्ची हसून लोळली. श्रावस्ती मात्र त्याच्याकडं बघतच राहिली. तीन वर्षं तिच्या किल्ल्यात सगळं होतं, फक्त असं दार उघडणारं माणूस नव्हतं.

बब्रुवान पुस्तकात गेला. नुसता गेला नाही, सगळी गोष्टच त्याच्या दारातून जायला लागली. आणि दर रविवारी प्रेमानंद एकेक अट फोडून सांगायला लागला. कंपनीचे नियम घ्या, पण तिचे नायक अन् त्यांची चित्रं घ्यायची न्हाईत. मुखपृष्ठावर तिची मोहोर, ती बी ती सांगंल तेवढीच. सांगता सांगता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

अकरावं कलमही त्यानंच दाखवलं. दुसऱ्या खेळाडूनं उभं केलेलं पात्र पुस्तकात असलं, तर त्या खेळाडूची लेखी संमती हवी.

"म्हणजे तुझी सही!" तिनं हसत फॉर्म पुढं केला. "कर."

प्रेमानंदचं तोंडच उतरलं. "उद्या देतो," म्हणाला.

उद्याला पेन संपलं. वकिलाचं पेन! परवा फॉर्म येडशीला राहिला. तेरवा साहेबांनी लवकर बोलावलं. आता बोला! सही देईना, पण एक रविवार चुकवंना. येताना तिच्यापुरती वेगळी भजी बांधून आणायचा. फासा तिच्या हातात देताना त्याची बोटं उगीच थोडी रेंगाळायची... आणि सहीचं नाव काढलं की हा आपला गच्चीच्या कठड्याकडं बघतोय. श्रावस्तीच्या डोक्याचा पार भुगा झाला. ह्या माणसाला मी आवडते का नकोशी झालेय?

"पहिल्या पानावर नाव पायजे का तुला?" तिनं एकदा विचारलंच.

"छ्या! काहीच नको मला."

"मग दे ना सही!"

"...उद्या देतो."

"काढून टाक मेल्या दरवानाला," दीपाली म्हणाली. पण दरवान काढला तर किल्ल्यात शिरायचं कुठून?

शेवटचा दिवस उजाडला. पाचच्या आत फॉर्म कंपनीच्या साईटवर चढला नाही, तर पुस्तक एक वर्ष लांबणार. साडेचार वाजता श्रावस्ती कोर्टात धडकली. प्रेमानंद लिंबाखालच्या बाकावर बसला होता. फॉर्म त्याच्या खिशातच होता, घडी घालून घालून मऊ झालेला.

"एकदा तोंडानं नाही म्हण," ती म्हणाली. "मी जाते. पण असं झुलवू नको रे."

"झुलवत न्हाय गं..." तो खाली बघत म्हणाला. "मी रोज इथं बहिणी बघतो. हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या. सही होईस्तोवर भाऊ रिक्षानं आणतो, चहा पाजतो. सही झाली की संपलं. पंचमीला न्यायला बी कुणी जात न्हाय त्यांना." त्यानं खिशातला फॉर्म काढला. "मी बी सही दिली की बब्रुवान तुझा झाला. मग रविवारी मला कशाला बोलावशील?"

ह्यासाठी? ह्यासाठी महिनाभर माझा जीव टांगणीला लावला ह्यानं? तिला रागही आला, हसूही आलं, आणि डोळ्यांत पाणी कुठून आलं ते कळेना.

"वकील हायस का कोण हायस रे? तू देईनास म्हणून सकाळपासून डिक्शनरी घेऊन बसलेय मी. फॉर्मवर अकराव्या कलमाचं पुढचं वाक्य वाच!"

त्यानं घडी उलगडली. "पात्रावरचा हक्क... खेळाडूकडंच राहील."

"परवानगी हाय ही, हक्कसोड न्हाय. तुझा बब्रुवान तुझाच राहतो. रोज तेच तेच बघून तुला सगळीकडं तेच दिसायलंय!" तिनं श्वास घेतला. "अन् रविवारी बब्रुवानला न्हाय बोलवत मी. तुला बोलवते. आवडतोस तू मला. झालं समाधान?"

प्रेमानंदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला तर... पंखा सुटला त्या दिवसापास्नं," एवढंच त्याला बोलता आलं.

पावणेपाच झाले होते. फॉर्म स्कॅन करून साईटवर चढवायला दोघं शिवलिंगच्या दुकानात पळाली. प्रेमानंदनं झरझर सही ठोकली आणि पेन एका रकान्यापाशी अडलं. लेखकाशी नातं.

"इथं काय लिहू?"

"तू वकील. तूच सांग."

त्यानं घाबरत घाबरत लिहिलं, 'ठरतंय'.

श्रावस्तीनं त्याच्या हातातून पेन ओढून घेतलं. 'ठरतंय'वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'ठरलंय'.

प्रेमानंदनं तो शब्द दोनदा वाचला. मग घसा खाकरून, अगदी कोर्टातल्या आवाजात म्हणाला, "कागदावर खाडाखोड झाली की शेजारी सही लागते."

"कुणाची?"

"दोघांची."

त्या एवढ्याशा जागेत दोन सह्या दाटीवाटीनं बसल्या. शिवलिंगनं आधी पंखा बंद केला आणि मग कागद मशीनवर ठेवला.