पानामागे एक ओळ कमी

“पोरगी खरं बोलती का खोटं, येवढंच सांगा. खोटं असंल तर शिक्षण बंद. हितूनच गावाकडं नेतो,” शेषेराव कदम म्हणाले आणि मग खुर्चीवर बसले.

नांदेडच्या वजिराबादेतल्या त्या अरुंद ऑफिसात दिवसाची सुरुवात अशी झाली. बजरंगनं पाहुण्यांची मनातल्या मनात नोंद केली: लोह्याचा बागायतदार, शर्टाची इस्त्री कडक, जीभ त्याहून कडक. शेजारी मुलगी, पुनम. लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

टेबलामागे माणिकप्पा बिरादार. मूळचा उदगीरचा. वीस वर्षं रेल्वेच्या अपघातांचे चौकशी-अहवाल लिहून झाल्यावर आता माणसांच्या अपघातांची खाजगी चौकशी करायचा. बजरंग त्याचा ड्रायव्हर, मित्र आणि स्वतःच्या मते सल्लागार. एसटीतून निवृत्त झाल्यावर बजरंगनं पत्राद्वारे वाहतुकीचा डिप्लोमा धरला होता, आणि ‘उशिरा पोचलेला ट्रक’ ही त्याची केस स्टडी दोन महिने जीपमध्ये कोरी पडून होती.

“क्रमानं सांग,” माणिकप्पा पुनमला म्हणाला.

“परीक्षेआधी प्रत्येकीला एक केस स्टडी द्यावी लागते. एक पेशंट घ्यायचा, पाच दिवस वॉर्डात देखभाल करायची, सगळं हातानं लिहायचं. माझी आणि वर्गातल्या मंजुषाची फाइल सारखीच निघाली. दोन परीक्षकांकडे वाटून जाणार होत्या, पण एक आलेच नाहीत. दोन्ही एकाच्या हाती पडल्या.”

“आणि चोर तू ठरलीस.”

“मंजुषाची फाइल रजिस्टरला आठ तारखेची, माझी नऊची. आज चारला कमिटी बसणार. परीक्षेतून माझं नाव काढणार.”

“आधी देणारा खरा, असं कुठं असतंय का?” बजरंग म्हणाला.

“गप बस. फाइल कुणाच्या हातात गेली होती?”

“तीन तारखेला सोमेशच्या दुकानात झेरॉक्स काढली, जवळ असावी म्हणून. चार ते सहा गौरम्मा मॅडमकडे तपासायला होती. परत आल्यावर औषधांची चार पानं लिहून जोडली. बाकी वेळ हॉस्टेलच्या खोलीत. तिथं कुणी मोबाईलवर फोटो काढले असतील तर सांगता येत नाही.”

शेषेरावांनी पिशवीतून दोन गठ्ठे काढले. कॉलेजनं दोन्ही फायलींच्या झेरॉक्स दिल्या होत्या, काळ्यापांढऱ्या. माणिकप्पा पानं चाळत राहिला.

“पानाची शेवटची ओळ कुठं गेली?”

“आमचा कागद लांब असतो. कॉलेजच्या ऑफिसातलं मशीन खालची ओळ खातं.”

“आणि ही वेळ? नुसतं नऊ. सकाळचे का रात्रीचे?”

“मूळ फाइलीत कळतं. दिवसपाळीला निळी शाई, रात्रपाळीला लाल.”

“पेशंट कोण होता? इथं नुसतं ‘क. बा., औसा’ आहे.”

“पूर्ण नाव सांगता येत नाही. पेशंटचं नाव बाहेर द्यायचं नसतं.”

शेषेराव उखडले. “तुझं नाव कापाय निघालेत, आन् तू दुसऱ्याचं झाकून राहिलीस?”

“त्यांनाच विचारते, बाबा.” पुनम फोन घेऊन बाहेर गेली. घरी गेल्यावर गोळ्या घेतल्या का, हे विचारायला तिनं त्या पेशंट म्हातारीच्या मुलाचा नंबर ठेवला होता. दोन मिनिटांत परत आली. “केवळाबाई नाव आहे. या म्हणाल्यात.”

बजरंगनं मनातल्या यादीत तिच्या नावापुढे एक बरोबरची खूण केली. शेषेरावांच्या नावापुढची जागा रिकामी ठेवली.

*

“खाजगी चौकशी?” प्राचार्य अमृतरावांनी माणिकप्पाचं कार्ड दोन बोटांत धरलं. “हे कॉलेज आहे. नवरा-बायकोचं भांडण नाही.”

“मूळ फायली बघू द्या. नाहीतर चार वाजता कमिटीसमोर विचारीन, का दाखवल्या नाहीत म्हणून.”

“पाच मिनिटं. माझ्यासमोर. आमच्याकडून कागद फुटला असं सुचवायचं असेल तर आधीच सांगतो, मशीनच्या खोलीला कुलूप असतं. एक किल्ली माझ्याकडे, एक गौरम्मा मॅडमकडे. पोरांना तिथं पाय ठेवता येत नाही.”

फायली उघडल्या. निळी ओळ, लाल ओळ. बजरंगला जत्रेतल्या रिबिनींची आठवण झाली. त्यानं आपलं काम म्हणून पानं मोजली.

“अप्पा, औषधांची पानं सोडून पुनमची चोवीस, मंजुषाची तेवीस. तिचं अक्षर बारीक असंल.”

“बघ बरं.”

बजरंगनं बघितलं. मंजुषाचं अक्षर उलट जरा मोठंच होतं. त्याला त्यातून काही निघेना, म्हणून त्यानं ते सोडून दिलं. औषधांची पानं मात्र दोघींची अगदी वेगळी होती.

मंजुषाला बोलावलं. ती आली ती भांडायच्या तयारीनंच. तळहातावरची मेंदी विटत आलेली.

“साखरपुडा झाला वाटतं,” माणिकप्पा म्हणाला.

“मागच्या महिन्यात, शेवटच्या आठवड्यात. त्याचं काय?”

“अभिनंदन. तुमच्या पेशंटचं नाव काय?”

“नियमानं सांगता येत नाही.”

“बरोबर. तिसऱ्या दिवशी ताप किती होता?”

“एकशे दोन. सकाळी नऊला. मी स्वतः थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. अकराला शंभरावर आला. पाठ आहे मला, कारण मी केलंय. तिला विचारा, तिनं काय केलंय ते.”

दारात उभ्या असलेल्या गौरम्मा मॅडम आत आल्या. पांढरी कडक साडी, नजर तिच्याहून कडक.

“मी सांगते तिनं काय केलं. खेड्यातल्या मुली आधी उत्तरं पाठ करतात, मग फायली उतरवतात. वीस वर्षं बघतेय.”

शेषेरावांची मान खाली गेली. पुनमची गेली नाही.

“पुनमची फाइल तीन दिवस तुमच्याकडे होती,” माणिकप्पा म्हणाला.

“साठ जणींच्या होत्या. माझ्या कपाटात, कुलपात. माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही.”

“आणि मंजुषा पाचही दिवस वॉर्डात होती?”

“हजेरीवर माझी सही आहे. आणखी काय पाहिजे?”

“काही नाही. तेवढंच पाहिजे होतं.”

*

सोमेशचं दुकान कॉलेजच्या मागच्या गल्लीत. भिंतीवर चार कप्पे: तंत्र, सुरक्षा, वाहतूक, नर्सिंग. पहिल्या तिन्हींत तयार केस स्टड्यांची चळत. चौथा रिकामा.

“पोलीस आहात का? नसाल तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं राहतंय,” सोमेश म्हणाला.

“मीबी गिऱ्हाईकच,” बजरंग म्हणाला. “माझा ट्रक उशिरा का आला, ते पाहिजे.”

“टायर फुटला लिहा. सगळ्यांचा टायरच फुटतो. तंत्रवाल्यांचं बेअरिंग जातं, सुरक्षावाल्यांचा माणूस हेल्मेट घालत नाही. मास्तर वाचत नाहीत, वजन बघतात.”

“नर्सिंगचा कप्पा रिकामा का?” माणिकप्पानं विचारलं.

“ते हातानं लिहावं लागतं. आपण टाइप करणारे. त्या पोरी झेरॉक्सला येतात फक्त. एकदा एकीची काळ्या मशीनवर काढली, तर तोंडावर फेकली माझ्या. तेव्हापासून नर्सिंगची फाइल आली की रंगीत मशीन, लांब कागद. पुनमचीही तशीच काढली. एक प्रत, तिच्या हातात. मी चोर वाटतो ना? हे तीन कप्पे बघून सगळ्यांनाच वाटतो.”

बजरंगनं सोमेशच्या नावापुढे फुली मारली होती. ती आता त्याला जरा घाईची वाटली.

*

औशात केवळाबाई किल्ल्याकडच्या आळीत राहत. ओसरीवर बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, “मला कागदात घालाया कुणी सांगितलं व्हतं?”

“चांगलंच लिहिलंय, आजी,” पुनम म्हणाली.

“तुमची देखभाल हिनं केली का दुसरीनं?” माणिकप्पानं विचारलं.

“काय ठावं बाबा. समद्या पांढऱ्या, तोंडाला फडकं. फोनवर इचारती ती हीच, आवाज वळखते.”

बजरंगला वाटलं, संपलं. एवढ्या लांब येऊन म्हातारीला तोंडही ओळखता येत नाही.

“ताप कधी यायचा?”

“दिवं लागले की थंडी वाजायची, मंग लई ताप. रातच्याला पट्ट्या. सकाळी नवाला तर मी दारात ऊन खात बसायची, सिस्टर वरडायच्या.”

तिनं आतून दवाखान्याचं सुट्टीचं कार्ड आणलं. माणिकप्पानं ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि चार तासांसाठी मागून घेतलं.

“म्हातारीची साक्ष कमिटी मानंल का, अप्पा?” जीपमध्ये बजरंगनं विचारलं.

“म्हातारीची न्हाई मानणार. शाईची मानंल.”

*

चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत अमृतराव, गौरम्मा मॅडम, मंजुषा, पुनम आणि शेषेराव. परीक्षकांनी निर्णय कॉलेजवर सोडला होता, म्हणजे कमिटीत उरले अमृतराव आणि मॅडम एवढेच. माणिकप्पा उभा राहिला. बजरंग दाराला टेकला.

“मंजुषा सकाळी म्हणाली, तिसऱ्या दिवशी नऊला ताप एकशे दोन. सकाळी नऊला. फाइलीतही ती नोंद निळ्या शाईत आहे. पुनमच्या फाइलीत तीच नोंद, तीच वेळ, तोच ताप. पण लाल शाईत. म्हणजे रात्री नऊला.” त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं. “दवाखान्यानं लिहिलंय: रोज संध्याकाळनंतर थंडी वाजून ताप, सकाळी ताप नाही.”

“चुकून पेन बदललं असेल,” गौरम्मा म्हणाल्या.

“वॉर्डात असलेल्या मुलीचं पेन चुकतं, मॅडम. आठवण चुकत नाही. सकाळी मी तोंडी विचारलं, तेव्हाही ती सकाळच म्हणाली. तिला रात्र माहीतच नव्हती. पुनम वेळेपुढे सकाळ-रात्र लिहीत नाही, कारण ते काम शाई करते. ज्याच्यासमोर शाईचा रंगच नव्हता, त्यानं अंदाजानं रंग भरले. बाकी ठिकाणी अंदाज बरोबर आला. इथं फसला.”

“रंग नव्हता, म्हणजे?” अमृतरावांनी विचारलं.

“काळ्या झेरॉक्सवरून उतरवलंय. मोबाईलचा फोटो रंगीत असतो, म्हणून हॉस्टेलची खोली गेली. सोमेश नर्सिंगची फाइल रंगीत मशीनवर काढतो, म्हणून तो गेला. मशीन काळं पाहिजे.”

“लातुरात काळी मशीनं हजार आहेत.”

“आहेत. पण आमच्या बजरंगनं पानं मोजली.”

बजरंग दाराला टेकलेला सरळ झाला.

“पुनमची चोवीस, मंजुषाची तेवीस. अक्षर मोठं असून एक पान कमी. मजकूर शब्दाला शब्द. मग पान गेलं कुठं? पुनमच्या प्रत्येक पानाची शेवटची ओळ मंजुषाकडे नाही. चोवीस पानं, चोवीस ओळी. तेवढ्यात एक पान भरतं. वाक्यं तिनं वरवर जोडून घेतली, नीट जोडली. पण नवव्या पानाची शेवटची ओळ तुम्हीच वाचा, साहेब.”

अमृतरावांनी पुनमची फाइल उघडली. “रुग्णास पेनिसिलिनची ॲलर्जी. खाटेला लाल पाटी लावली.”

“आता मंजुषाच्या फाइलीत शोधा.”

त्यांनी शोधलं. ती ओळ कुठंच नव्हती.

“पाच दिवस त्या खाटेजवळ उभी राहिलेली मुलगी सगळं विसरेल, ही ओळ विसरणार नाही. लांब कागदाची खालची ओळ खाणारं मशीन तुमच्या ऑफिसात आहे. त्यानंच या गठ्ठ्यांतल्याही ओळी खाल्ल्यात. किल्ल्या दोन. औषधांची पानं दोघींची वेगळी, म्हणजे ती जोडायच्या आधी, सहा तारखेपर्यंत झेरॉक्स निघाली. सहापर्यंत फाइल कुणाच्या कुलपात होती, ते मॅडमनीच सांगितलं. दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही, हेही त्यांनीच.”

“मी कशाला असं करेन?” गौरम्मांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

“सहीसाठी. तिचा साखरपुडा मागच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आणि फाइलीतले वॉर्डाचे पाच दिवसही त्याच आठवड्यातले. हजेरी तुम्ही आधी भरून दिली, कदाचित मायेनंच. पण हजेरी आहे आणि फाइल नाही, तर सही खोटी ठरते. फायली दोन परीक्षकांकडे गेल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. एक आला नाही. मग दोघींतली एक बळी द्यायची होती. तुम्ही जिचा बाप मान खाली घालून ऐकून घेईल, तिला निवडलं.”

मंजुषा रडली नाही. गौरम्मांकडे बघून एवढंच म्हणाली, “तुम्हीच म्हणालात, कोण वाचतंय.”

गौरम्मा मॅडम उठल्या, पर्स घेतली आणि परत बसल्या. बाहेर जायला जागा होती, पण जाऊन सांगणार काय?

अमृतरावांनी घसा साफ केला. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि बजरंगला तो आधीच्या आवाजापेक्षा जास्त आवडला नाही. “झालं ते झालं. पुनम परीक्षेला बसेल. दोन्ही फायली पास करू. गोष्ट या खोलीतच राहू दे. कॉलेजचं नाव आहे.”

“माझ्याविरुद्ध नोटीस बोर्डावर लागली होती, सर,” पुनम म्हणाली. “साठ जणींनी वाचली. आता जे खरं आहे तेही लेखी पाहिजे. सहीनिशी.”

“बाळ, हट्ट करू नकोस. शेषेराव, तुम्ही वडीलधारे. समजवा तिला.”

शेषेरावांनी दिवसभर लेकीकडे नीट बघितलं नव्हतं. आता बघितलं. मग टेबलाजवळची खुर्ची ओढली, पण स्वतः बसले नाहीत. पुनमपुढे सरकवली.

“समजवायचं काय? तिनं मराठीतच सांगितलंय. ती सांगती तसं लिव्हा. आमी गाडीची घाई करून न्हाई राहिलो.”

अमृतरावांनी नाइलाजानं कोरा कागद पुढे घेतला. पुनम बसली आणि पहिलं वाक्य सांगू लागली, सावकाश, म्हणजे त्यांना लिहिता यावं.