ताडपत्रीखालची शेपटी

"दोरी दिसू देऊ नको," बिरू म्हणाला. "फोटूत दोरी नको."

ऋतिकानं फोन खाली घेतला. कारभारीच्या गळ्यातली दोरी बाभळीच्या बुंध्याला बांधलेली होती, ती झाकायची कशी हे तिला सुचेना. शेवटी बिरूची धाकटी बहीण शीला पुढे झाली आणि दोरीवर आपली ओढणी पसरून बसली. कारभारीनं ओढणी हुंगली, मग तिघांकडे असं पाहिलं, जणू कामं सोडून हे काय मांडलंय!

कारभारी म्हणजे धनगराच्या पालावरचा काळा, उंच कुत्रा. त्याच्या एका कानाला चीर होती. ती गेल्या वर्षी लांडग्याशी झालेल्या झटापटीतली. बिरूची आजी अंबाबाई म्हणायची, मेंढरांचा कारभार माझ्याखालोखाल हाच बघतो. म्हणून हे नाव.

उद्या, शुक्रवारी दुपारी बिरूचे पालमचे दत्तामामा टेम्पो घेऊन येणार होते आणि कारभारीला कायमचं घेऊन जाणार होते.

ऋतिकाचे काका, राधाकिशन, यांचं शेत बोरी गावच्या शिवारात होतं. सोयाबीन निघालं की दर दिवाळीला अंबाबाईच्या मेंढ्या त्यांच्या रानात बसायच्या. रात्रभर मेंढ्या जाळीच्या वाघरीत बसल्या की रानाला खत मिळे, आणि त्याबदल्यात पालाला ज्वारी. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. यंदा मात्र दहा दिवसांत काकांच्या पाच कोंबड्या नाहीशा झाल्या. वाघरीजवळच्या रस्त्यावर पिसं सापडली. काकांनी पालावर येऊन सांगितलं, कुत्रा तरी जाईल नाहीतर पाल तरी उठेल. अंबाबाईनं दोरी आणली आणि कारभारीला बांधलं. पाल उठवलं तर साठ मेंढ्या न्यायच्या कुठं?

सुट्टी लागल्यापासून ऋतिका फोटो काढत होती. पुण्याच्या दादानं, शिवप्रसादनं, आपला काच तडकलेला जुना फोन तिला दिला होता. त्यात सिम नव्हतं, पण कॅमेरा चांगला होता. पहिल्या दिवशी ती टेकडीवर चढली आणि सगळं शिवार टिपलं. डोळ्यांना केवढं मोठं दिसलं होतं ते! फोटोत मात्र शिवार आगपेटीएवढं झालं. तिला वाईट वाटलं. मग हळूहळू कळलं, की सगळंच घ्यायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. एक बांध घ्यावा, त्यावरचं एक बोरीचं झुडूप घ्यावं. मग मागचं रान आपोआप मोठं वाटतं.

काकांच्या घरामागच्या परसात ती तासन्‌तास बसे. तिथे पेरूवर खारी होत्या, जास्वंदीवर इवलासा चकाकता शिंजीर पक्षी यायचा, आणि न्हाणीच्या दगडावर सरडा मान हलवत बसायचा. त्यांच्या मागे धावलं की ते पळत. गप्प बसलं की थोड्या वेळानं ते तिला विसरून जात. तिला हे फार आवडायचं. कुणीतरी आपल्याला विसरावं आणि त्यात आनंद वाटावा, हे नवलच होतं.

कारभारीचं तसं नव्हतं. त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला की तो साधा कुत्रा दिसे. गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांएवढं खाली जाऊन काढला की तो कारभारी दिसे.

"झाला का?" शीलानं विचारलं.

झाला होता. तिघं बाभळीखाली डोकं जुळवून आधीचे फोटो बघायला लागली. बिरूला कारभारीचे सगळे हवे होते. बोटानं एकेक सरकवताना मध्येच पेरूवरची खार आली. शीला म्हणाली, खारीपेक्षा मागचं बघ.

मागे अंगणात, काकांचा कापूस नेणाऱ्या भुजंगची पिकअप उभी होती. कापूस भरलेला, वर निळी ताडपत्री, दोरखंडानं आवळलेली. आणि ताडपत्रीच्या एका कोपऱ्यातून काहीतरी तांबूस बाहेर आलं होतं.

ऋतिकानं फोटो मोठा केला. ती शेपटी होती. कोंबडीची.

"तारीख बघ," बिरू एकदम म्हणाला.

सोमवार, संध्याकाळ. मंगळवारी सकाळी दोन कोंबड्या गेल्या होत्या. त्यांनी आधीच्या दोन वेळा शोधल्या. एका फोटोत शिंजीर होता, एकात सरडा; आणि दोन्हींत मागे भरलेली पिकअप. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सेलूच्या जिनिंगला गेली होती आणि कोंबड्या गायब झाल्या होत्या. जायचा रस्ताही वाघरीला लागूनच होता. पिसं तिथे का पडली, तेही कळलं.

पण कोंबड्या गाडीत चढतील कशाला? ऋतिका फोटोंत मागे मागे गेली आणि सुट्टीच्या पहिल्या दिवशीच्या एका फोटोवर थांबली. संध्याकाळच्या उजेडात पांढराशुभ्र कापूस छान दिसतो म्हणून तिनं तो काढला होता. तेव्हा तिला फक्त रंग दिसला होता. आता दिसलं, की तो कापूस खुराड्याच्या दारातून बाहेर आला होता.

गरजेपुरताच कापूस विकून, भाव वाढायची वाट बघत काकांनी बाकीचा घरात भरला होता. दोन खोल्या आढ्यापर्यंत भरल्या, ओसरी भरली, आणि जागा संपल्यावर उरलेला खुराड्यात कोंबला होता. कोंबड्यांचं घर गेलं. बिचाऱ्या अंधार पडायच्या आत ऊब शोधत फिरत, आणि गाडीतल्या कापसाइतकी ऊब दुसरीकडे कुठे होती?

तिघं धावत काकांकडे गेली. अंगणात पुन्हा पिकअप भरून ताडपत्री आवळणं चाललं होतं. उद्या सकाळी सातला ती निघणार होती. काकांनी फोटो बघितला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"कोंबड्या काय तिकीट काढून बाजाराला जायल्यात व्हय?" ते म्हणाले. भुजंग इतका हसला की त्याच्या हातातला दोरखंड सुटला. त्यानं वर ऐकवलं, की आपण सेलूला गाडी लावली की ड्रायव्हरच्या सीटवर झोपतो. कापूस हमाल उतरवतात. पण कोंबडी असती तर कुणी सांगितलं नसतं का? ताडपत्री उघडून बघा म्हटल्यावर दोघंही चिडले. आवळलेली गाडी सोडायची म्हणजे पाऊण तास, आणि जिनिंगला रांग केवढी असते! बिरूकडे न बघताच काका म्हणाले, "पोरा, तुझ्या कुत्र्याची बाजू तू घेणारच की."

परत जाताना बिरूनं विचारलं, "फोटू खोटा असतो का, ऋतिका?"

"खोटा नसतो. पण बघणाऱ्याला बघायचं पाहिजे."

यावर ती रात्री जेवतानाही विचार करत राहिली. काकांना कोंबडी बघायची नव्हती. मग त्यांना काय बघायचं होतं?

सकाळी साडेसहाला ती फोन घेऊन अंगणात हजर झाली. बिरू आणि शीला फाटकाजवळ उभी राहिली. भुजंग गाडी पुसत होता.

"काका, तुमचा कापसासंगं फोटो काढते. तुमच्या फोनवरनं दादाला पाठवू. यंदाचा माल किती पांढरा हाय ते पुण्यात दाखवंल तो."

काका थांबले. आत गेले, नवा सदरा घालून आले. टोपी सरळ केली आणि गाडीला हात लावून उभे राहिले. ऋतिकानं फोटो काढला आणि त्यांना दाखवला.

"कापूस कुठाय?" काका म्हणाले.

"ताडपत्रीत. नुसतं निळं निळं आलंय."

काकांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "भुजंग, मागची बाजू सोड."

"मालक, उशीर व्हायलाय."

"सोड म्हणतो ना. शिवप्रसादला दिसू दे की."

ताडपत्री हातभर वर गेली. कापूस दिसला; कोंबडी नाही. शीलानं बिरूचा हात घट्ट धरला. ऋतिकानं फोन डोळ्यांपुढून हलवला नाही. अजून थोडं काका, म्हणाली, डाव्या कोपऱ्याला ऊन चांगलं पडलंय. भुजंगनं कुरकुरत डावा कोपरा उचलला, हात आत घातला आणि ओरडून बाहेर ओढला. कापसात ऐटीत बसलेल्या तांबड्या कोंबडीनं त्याला टोचलं होतं. ती उठायला तयार नव्हती. शेवटी काकांनीच तिला उचललं, तर खाली एक ताजं अंडं.

मग भुजंग हळूच म्हणाला, "जिनिंगचा वॉचमन हाय ना, योगीराज... त्याच्याकडं नव्या पाच कोंबड्या दिसल्यात. मला वाटलं, त्यानंच पाळल्यात."

"आन तू इचारलं न्हाई?"

"मंगळवारी त्यानं मला आमलेट खाऊ घातलं. मंग कसं इचारावं?"

काकांनी तिथूनच योगीराजला फोन लावला. पाचही जिवंत होत्या. गाडीतून उतरल्या, मालक कुणी दिसेना, म्हणून त्यानं दाणे टाकून ठेवून घेतल्या होत्या. भुजंगनं परत येताना त्या आणायच्या, असं ठरलं.

काका खुराड्यासमोर गेले. मग त्यांनी वाकून कापूस उपसायला सुरुवात केली. मुलंही लागली. उपसलेला कापूस काकांच्या खाटेवर गेला. आज तरी ते ओसरीच्या पायरीवर झोपणार हे नक्की झालं.

दुपारी ते पालावर आले. दत्तामामांचा टेम्पो उभा होता. काकांनी अंबाबाईला सगळं सांगितलं, काही न लपवता. म्हणाले, चूक माझी, कुत्र्याला सोडा.

अंबाबाईनं भाकरी उलथली. "मी न्हाई सोडणार. तुमी बांधाय लावलं, तुमीच सोडा."

काका कुत्र्यांना घाबरत. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. ते बाभळीजवळ गेले, थबकले, बिरूकडे बघितलं.

"काय करत न्हाई तो, मालक," बिरू म्हणाला. "खाली बसा म्हणजे त्याला बरं वाटंल."

काका मातीत बसले. नव्या सदऱ्यासकट. गाठ घट्ट झाली होती, पण त्यांनी ती सोडवली. कारभारी त्यांच्यावर भुंकला नाही की त्यानं शेपूटही हलवली नाही. त्यानं अंग झाडलं आणि उताराकडे, मेंढ्यांच्या मागे सरळ पळत सुटला.

"ह्या पोरांनी डोळं उघडलं माझं," काका अंबाबाईला म्हणाले. "आमी रोज त्याच अंगणात वावरतो, पण बघत कोण हाय?"

अंबाबाईनं त्यांना भाकरी वाढली. दत्तामामा हसत टेम्पोकडे गेले. रिकाम्या हातानं निघालेला माणूस इतका खूश ऋतिकानं कधी पाहिला नव्हता.

तिनं गाठ सुटताना एक फोटो काढला होता. आता बघितला, तर त्यात कारभारी नव्हताच. मातीत बसलेले काका होते, आणि त्यांच्या दोन हातांत मोकळी दोरी.

"हुकला," ती म्हणाली.

बिरूनं फोन तिच्या हातातून घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"ह्यो दे मला," तो म्हणाला. "बाकीचं राहू दे."