तिच्या श्वासाची जागा

नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांवर दोन कादंबऱ्या लिहून ऑरविल टिलसन कॅलिफोर्नियात आला, तो एखादं वर्ष सिनेमासाठी लिहू आणि परत जाऊ म्हणून. केस पिकले तरी तो बरबँकच्या स्टुडिओतच होता. तिसरी कादंबरी राहिली ती राहिलीच.

त्यानं लिहिलेला प्रत्येक संवाद त्याची बायको लोर्ना मोठ्यानं वाचून दाखवायची. त्याला 'ऑर' म्हणणारी ती एकटीच. तिला दमा होता. वाक्याच्या मध्येच थांबायची, बारीक शिट्टीसारखा श्वास घ्यायची, मग पुढचे शब्द. हळूहळू तो वाक्यंच तिच्या श्वासाच्या बेतानं लिहू लागला.

त्या फेब्रुवारीत लोर्ना गेली.

वसंतात त्यानं एक प्रसंग लिहिला. स्वयंपाकघरात एक बाई टेबल मांडत नवऱ्याची वाट पाहतेय. नवरा लढाईत मेलाय, हे तिला अजून कळलेलं नाही. ती भूमिका आयरिस कॉबकडे होती. पंचविशीची, टेनिस खेळणारी, धडधाकट मुलगी.

आदल्या दिवशीचं चित्रण दुपारच्या जेवणानंतर सगळे मिळून पाहत. अंधाऱ्या खोलीत ऑरविल आणि आयरिसच्या पुढे दिग्दर्शक मॅकेंड्री विझलेली सिगार चघळत बसला होता. पडद्यावर आयरिस बोलू लागली, मध्येच थांबली. शिट्टीसारखा श्वास घेतला आणि मग वाक्य पुरं केलं.

"हे काय गं मध्येच?" मॅकेंड्री खेकसला.

"मी थांबलेच नव्हते! आईशप्पथ. साउंडवाल्याला विचारा हवं तर."

साउंडवाल्यानंही सेटवर तो श्वास ऐकला नव्हता.

प्रसंग पुन्हा चित्रित झाला. या वेळी मॅकेंड्री कॅमेऱ्याला खेटून उभा राहिला. आयरिस एका दमात बोलली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यावर तो श्वास होताच. आणखी लांब, आणखी कष्टाचा.

ऑरविलनं खुर्चीचे हात घट्ट धरले. हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात लोर्नाचा श्वास असाच झाला होता.

पडद्यावरच्या बाईनं दोन ताटल्या मांडल्या. मान वर केली.

"जेवलास का... रे, ऑर?"

"ए, हे कुणी लिहिलं?" मॅकेंड्री म्हणाला.

आयरिस पांढरीफटक पडली होती. "हा माझा आवाज नाही," ती पुटपुटली.

ऑरविलच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हो. जेवलो."

पडद्यावरच्या बाईनं मान डोलावली. समाधानानं.

मग मॅकेंड्री उगाच मोठ्यानं हसला. "योगायोग आहे, बाबांनो. ऑरविल, तू तोंड मिटून बस. लाव रे, परत लाव!"

रीळ पुन्हा सुरू झालं. तोच श्वास. त्याच दोन ताटल्या.

"जेवलास का... रे, ऑर?"

ऑरविल गप्प राहिला. उत्तर दिलं नाही तर ती काय करते, आपल्याला वेड तर लागलेलं नाही ना, एवढंच त्याला बघायचं होतं.

बाई थांबली.

मघाशी ती इतकी थांबली नव्हती. तिनं खोलीतल्या अंधारात डोळे बारीक करून पाहिलं. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर.

"लोर्ना," तो उठत म्हणाला. "लोर्ना, मी आहे गं. इथंच आहे."

पण उशीर झाला होता. तिला ते ऐकू गेलं नाही. तिनं टेबलावरची एक ताटली उचलली, पदरानं पुसावी तशी अॅप्रननं पुसली आणि कपाटात ठेवून दिली.

मग ती एकटीच जेवायला बसली.